मधलीं दोन वर्षें

दिवाळीच्या सुटींत भाची आमच्याकडे धुळ्यास आली, ती एका हातांत फराळाचा डबा आणि दुसऱ्या हातांत एक पातळसें पाकीट घेऊन. डबा तिनें मामीला दिला व पाकीट मला. "मामा, तुम्ही जन्मभर मुलांचे निबंध तपासलेत," ती म्हणाली, "हा माझाहि एक निबंध समजा आणि तांबड्या शाईनें खुणा करून द्या." पाकिटांत छापलेलीं दोन पानें होतीं. भाची जळगांवच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत विज्ञान शिकविते. आखाती देशांतील आंतरराष्ट्रीय शाळांत जागा मिळविण्याचा तिचा विचार ठरला होता, आणि त्यासाठीं लागणारा रेझ्युमे तिनें रात्रीं जागून तयार केला होता. त्या शाळांचें वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरांत सुरू होतें. पण शिक्षकांची निवड आदल्या नोव्हेंबरच्या सुमारासच चालूं होते. त्यामुळें चकल्या आणि हा मजकूर या दोहोंची घाई एकाच आठवड्यांत आली होती.

आमच्या तरुणपणीं या कागदाला नुसता 'अर्ज' म्हणत. पुढें त्याचा 'बायोडेटा' झाला आणि तो नोकरीपेक्षां लग्नाच्या बाजारांत अधिक फिरूं लागला. आतां त्याला रेझ्युमे म्हणतात. नांवें बदललीं तरी त्यामागचा प्रसंग बदललेला नाहीं. अनोळखी माणसाच्या दारांत उभें राहून 'मी अमुक, मला अमुक येतें' असें सांगावयाचें, हा तो प्रसंग. आपल्याकडील पांढरपेशा माणसाला याच्याइतकें अवघड दुसरें कांहीं वाटत नसेल. समर्थांनीं मूर्खाच्या लक्षणांत आत्मस्तुति घातली आहे. आणि आम्ही तें इतकें मनावर घेतलें कीं, स्वतःचें काम स्वतःच्या तोंडानें सांगणें म्हणजेच आत्मस्तुति, असा आमचा समज होऊन बसला. परिणाम असा होतो कीं, सांगावयाची वेळ आली म्हणजे आम्ही एक तर मुके होतों, नाहीं तर दुसऱ्याचे शब्द उसने घेऊन वाजवीपेक्षां मोठ्यानें बोलूं लागतों. भाचीच्या दोन पानांत मला हे दोन्ही प्रकार एकदमच आढळले.

पहिल्या पानाच्या माथ्यावर चार ओळींचा एक परिच्छेद होता. त्यांत भाची गतिमान होती, ध्येयनिष्ठ होती, कल्पक होती, आणि विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठीं तिनें आपलें जीवन वाहिलेलें होतें. मीं चष्मा पुसून तो परिच्छेद पुन्हां वाचला. "ही बाई कोण?" मीं विचारलें. ती हंसली. "नमुना मिळाला होता, मामा, त्यांतूनच घेतलें. सगळे तसेंच लिहितात." लग्नाला जातांना शेजाऱ्याचा कोट मागून न्यावा, तसा हा प्रकार होता. कोट चांगला असतो. पण बाह्या आपल्या हाताच्या नसतात, आणि खिशांत हात घातला तर दुसऱ्याच कोणाचें तरी बसचें तिकीट हातीं लागतें. सगळे तसें लिहितात, हेंच तसें न लिहिण्याचें कारण. निवड करणारा माणूस एका जागेसाठीं ढीगभर कागद चाळतो. त्यांतले सर्वच ध्येयनिष्ठ निघाले म्हणजे त्या शब्दापासून त्याला कसलीच माहिती मिळत नाहीं. मीं त्या चारहि ओळींवर तांबडी रेघ ओढली.

दुसऱ्या पानावर उलट प्रकार होता. जळगांवच्या शाळेपूर्वीं भाचीनें आठ वर्षें चोपडा तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेल्या एका शाळेंत काढलीं. शाळा विनाअनुदानित, पगार कधीं दिवाळीला होई, तर कधीं होळीला. त्या आठ वर्षांना तिनें एकच ओळ दिली होती: 'सहायक शिक्षिका, ग्रामीण शाळा.' जळगांवच्या शाळेंत फळा विजेवर चालतो, म्हणून तिला बारा ओळी मिळाल्या होत्या.

"आठ वर्षें एका ओळींत कशीं मावलीं?" मीं विचारलें.

"त्यांत सांगण्यासारखें काय आहे, मामा? प्रयोगशाळा नव्हती, इंग्रजी नव्हतें, बसायला धड बांकेंहि नव्हतीं."

"आणि ती वही?" मीं म्हटलें.

ती वही मीं पाहिलेली होती. त्या शाळेंत येणारीं निम्मीं मुलें पावरा घरांतलीं. त्यांची घरची बोली पावरी. बाकीचीं बहुतेक अहिराणी बोलणारीं. घरीं मुलगा म्हणजे आंडोर आणि मुलगी म्हणजे आंडेर. शाळेंत मात्र पुस्तक बोले ती पुण्याकडची मराठी, आणि विज्ञानांतल्या कांहीं संज्ञा संस्कृत, तर कांहीं इंग्रजी. भाचीनें पहिल्याच वर्षीं एक वही आंखली. पहिल्या रकान्यांत पावरी शब्द, तो मुलांनींच सांगावयाचा, दुसऱ्यांत अहिराणी, तिसऱ्यांत पुस्तकांतला. बी, कोंब, मूळ, खोड, पान, असें करतां करतां वही भरत गेली. कपाशीचें बोंड मुलांना तिच्यापेक्षां अधिक ठाऊक. तेव्हां फुलापासून बोंडापर्यंतची सगळी हकीकत मुलांनीं सांगावयाची, आणि परागीभवन हा शब्द तेवढा बाईंनीं द्यावयाचा. दिवाळी झाली कीं आईबाप ऊसतोडीला निघत व वर्ग रिकामा होऊं लागे. पहिल्या वर्षीं तिच्या वर्गांतील चाळीस मुलांपैकीं अकरा मुलें अशीं गेलीं, तीं परत आलीं नाहींत. शेवटच्या वर्षीं तशीं मुलें तीनच होतीं. बाकीच्यांच्या आजी-आजोबांना भेटून तिनें तीं मुलें गांवींच ठेवून घेतलीं होतीं.

ज्या शाळांकडे भाची अर्ज करीत होती, त्यांच्या जाहिरातींत एक अपेक्षा वारंवार आढळते: घरची भाषा एक व शाळेची भाषा दुसरी, अशा मुलांना शिकविण्याचा अनुभव. आखातांतल्या एका वर्गांत अरबी, उर्दू, मल्याळी, फिलिपिनो अशा घरांतलीं मुलें शेजारीं शेजारीं बसतात आणि तीं सर्व इंग्रजींतून विज्ञान शिकतात. त्यांतल्या प्रत्येकाची अडचण चोपड्याच्या त्या पावरा मुलाची अडचण आहे. भाचीला जें आपलें मागासलेपण वाटत होतें, तोच तिचा सर्वांत मोलाचा अनुभव होता. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंतील रणजितसिंह डिसले यांना २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हां त्यांच्या कामांतली जी गोष्ट जगाला सांगितली गेली ती हीच होती: मुलांची घरची बोली कन्नड, म्हणून पाठ्यपुस्तकच त्यांनीं मुलांच्या भाषेंत नेलें. लहान गांवांतलें काम लहान असतें, असें जगाला वाटत नाहीं. तें आपल्यालाच वाटतें.

मग आम्ही दोघें कामाला बसलों. या कागदाचे कांहीं नियम भाची शिकून आली होती. ते मी तिच्याकडून शिकलों. दोन पानांपेक्षां अधिक लिहावयाचें नाहीं. 'इयत्ता सातवी' म्हटलें तर बाहेरच्या माणसाला कांहीं उमगत नाहीं. 'बारा ते तेरा वर्षांचीं मुलें' असें म्हणावें. वर्गांत मुलें किती होतीं तें लिहावें, कारण साठ मुलांचा वर्ग सांभाळणें म्हणजे काय, हें वीस मुलांच्या वर्गांत बसणाऱ्याला आंकड्यावांचून कळत नाहीं. कोणता अभ्यासक्रम शिकविला तें स्पष्ट सांगावें. केंब्रिजचा, जिनीव्हाच्या संस्थेनें १९६८ पासून चालविलेला, कीं आपल्या राज्य मंडळाचा. खो-खोचा संघ तयार केला असेल तर तेंहि लिहावें. आंतरराष्ट्रीय शाळांत शिक्षकाकडून तास संपल्यावरचीहि कांहीं कामें अपेक्षित असतात. पदवीचें प्रमाणपत्र आधीं राज्य सरकारकडून व मग परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित करून घ्यावें लागतें. जे देश हेगच्या करारांत आहेत, त्यांना 'अपोस्टिल' नांवाचा एक शिक्का पुरतो. भारतांत तो २००५ पासून मिळूं लागला. जे करारांत नाहींत, त्यांच्या वकिलातीची पायरी आणखी चढावी लागते.

पदवीच्या रकान्याशीं आम्ही थोडे थांबलों. भाचीची बी. एड.ची पदवी २००७ सालची. तिच्यावर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असें नांव आहे. जळगांवच्या या विद्यापीठाला २०१८ सालीं कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव देण्यांत आलें. तेव्हां रेझ्युमेंत जुनें व नवें अशीं दोन्ही नांवें लिहावीं लागतात. नाहीं तर दूर देशीं पडताळणी करणारा कारकून गोंधळून जावयाचा. आसोद्याच्या ज्या बाईंना लिहितां-वाचतां येत नव्हतें, ज्यांचीं गाणीं घरच्या माणसांनीं उतरून घेतलीं म्हणूनच उरलीं, त्यांचें नांव आज खानदेशांतील प्रत्येक पदवीधराच्या कागदावर छापलें जातें. बहिणाबाईंचा असा कागद कोणी करावयास घेतला असता, तर शिक्षणाचा रकाना कोराच राहिला असता. हें मी बोलून दाखविलें. पण भाची हंसली नाहीं. तिच्या मनांत दुसराच एक कोरा रकाना होता, हें मला थोड्या वेळानें कळलें.

दिवेलागणीच्या सुमारास तारखांचा मेळ घालतांना माझी लेखणी अडली. चोपड्याची नोकरी जून २०१६ मध्यें संपली. जळगांवची जून २०१८ मध्यें सुरू झाली. मधल्या जागेंत शिसपेन्सिलीनें नुसतें एक प्रश्नचिन्ह होतें.

"त्यासाठींच मुद्दाम आलें, मामा," ती खालीं पाहत म्हणाली. "तुमच्या संस्थेचा एक दाखला मिळाला असता, तर फार बरें झालें असतें. दोन वर्षें तुमच्या शाळेंत होतें, असा. तुम्ही शब्द टाकलात तर ते नाहीं म्हणणार नाहींत."

ते नाहीं म्हणणार नाहींत, हें खरें होतें. मी २०११ सालीं ज्या शाळेचा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालों, तेथील आजच्या चालकांपैकीं कित्येकजण माझ्याच हाताखालून गेलेले. शब्द टाकण्याचीहि गरज नव्हती. शाळेचें नांव छापलेले कांहीं जुने कोरे कागद अजून माझ्या कपाटांत पडून होते.

आणि तीं दोन वर्षें कशांत गेलीं, हें मला कोणीं सांगावयास नको होतें. भाचीची आई ही माझी धाकटी बहीण. २०१६ च्या उन्हाळ्यांत तिला अर्धांगवायूचा झटका आला. मेहुणे आधींच गेलेले; घरांत दोघीच. भाचीनें नोकरी सोडली, आईला जळगांवीं चांगल्या डॉक्टरांजवळ आणलें, आणि दोन वर्षें तिचें न्हाणें-माखणें, औषधपाणी, रात्रीं दर दोन तासांनीं कूस बदलणें, सर्व एकटीनें केलें. मी दर रविवारीं एस. टी.नें पारोळा-एरंडोलवरून जात असें. दुपारीं तेथें जेवून संध्याकाळच्या गाडीनें परत येत असें. मला पाहून बहीण तोंडाच्या एकाच बाजूनें हंसे. तिला आपण धुळ्यास आणूं, असें मीं एकदांहि म्हटलें नाहीं. आमचें बिऱ्हाड वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, हें कारण मीं सर्वांना सांगितलें. तें खोटें नव्हतें. पण पुरतें खरेंहि नव्हतें. तेव्हां भाचीच्या कागदावरील ती कोरी जागा म्हणजे माझ्याच नांवावरचें जुनें देणें होतें, आणि तें फेडण्याची सोपी वाट ती मला दाखवीत होती. एक कागद आणि एक सही, एवढ्यानें काम भागत होतें.

"उद्यां सकाळीं पाहूं," मी म्हणालों.

रात्रीं सर्व निजल्यावर मीं कपाट उघडलें. कोरे कागद होते तेथेंच होते. त्यांवरचा दूरध्वनीचा क्रमांकसुद्धां जुना, आंकडे वाढण्यापूर्वींचा. त्यांच्या खालीं एक फाईल होती, आणि तींत माझ्याच एका अर्जाची कार्बनची प्रत निघाली. तारीख १९७८ सालची. त्या काळांत आफ्रिकेंत भारतीय शिक्षकांना मागणी होती. इथिओपियानें १९४१ नंतर आपल्या शाळा नव्यानें उभारल्या तेव्हां इकडून शिक्षक जाऊं लागले, व १९७४ च्या क्रांतीपर्यंत तेथें त्यांची मोठी संख्या होती. पुढें नायजेरियांत तेलाचा पैसा आला. १९७६ सालीं तेथें सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची योजना सुरू झाली, शाळा वाढल्या, आणि गणित व विज्ञान शिकविणाऱ्यांना भारतांतून बोलावणीं येऊं लागलीं. मी तेव्हां पंचवीस वर्षांचा होतों. वर्तमानपत्रांत जाहिरात पाहून, कचेरीजवळच्या एका टंकलेखकाकडून मीं अर्ज करवून घेतला होता.

तो अर्ज मीं त्या रात्रीं तांबडें पेन हातीं धरूनच वाचला. नांव, वडिलांचें नांव, जन्मतारीख, जात, उंची, परीक्षांचे गुण, आणि शेवटीं 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक'. तीन वर्षें मी वर्ग घेत होतों. पण त्या कागदांत एकहि मूल नव्हतें. भूमितीला घाबरणाऱ्या मुलांना मी पांझरेच्या वाळूंत नेत असें आणि दोरी-खुंटीनें मोठमोठीं वर्तुळें काढावयास लावीत असें. त्याचा उल्लेख नव्हता. विनयानें मीं स्वतःला इतकें पुसून टाकलें होतें कीं, निवड करणाऱ्याला निवडावयास कांहीं उरलेंच नव्हतें.

त्या अर्जाला उत्तर आलें नाहीं. दोन महिने मीं टपालाची वाट पाहिली. मग पाहणें सोडलें. पण त्यानंतरच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मी घरांत आणि बाहेर असें सांगत आलों कीं, नायजेरियाची नोकरी मीं आईसाठीं सोडली. परदेशाचा विषय निघाला कीं एक सुस्कारा टाकून मी हें वाक्य म्हणत असें, आणि ऐकणारे आदरानें गप्प होत. प्रथम तें कोणाला तरी तोंड चुकविण्यासाठीं म्हटलें असेल. पुढें माझाच त्यावर विश्वास बसत गेला. भाचीला खोटा दाखला द्यावा कीं देऊं नये, याचा निवाडा करावयास बसलेला न्यायाधीश हा असा होता.

सकाळीं चहाच्या वेळीं मीं तिला सांगितलें कीं, दाखला मिळणार नाहीं. कारणें सांगावयास मी चांगला तयार होतों. आमचें धुळें हें कागदांचें मोल जाणणारें गांव. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरच्या दिवशीं येथेंच वारले, आणि त्यांच्या नांवाच्या संशोधन मंडळांत जुनीं दप्तरें आजहि जपून ठेवलेलीं आहेत. खोटा कागद आज खपला, तरी उद्यां कोणी तरी तो खऱ्याशीं ताडून पाहतोच. शिवाय त्या शाळा मधल्या वर्षांचा हिशेब विचारतात, तो कोणाचा पाणउतारा करण्यासाठीं नव्हे. एका देशांत मुलांशीं गैर वागून काढला गेलेला माणूस दुसऱ्या देशांत निमूटपणें नवी नोकरी धरतो, असें आढळून आल्यामुळें २०१४ सालीं आंतरराष्ट्रीय शाळांच्या संघटनांनीं मुलांच्या संरक्षणासाठीं एक संयुक्त कृतिदल स्थापिलें. मागच्या मुख्याध्यापकांचें मत, तेंहि शाळेच्या अधिकृत पत्त्यावरून; पोलिसांचा दाखला; महिन्यागणिक तारखा; हें सर्व मुलांभोवतीं घातलेलें कुंपण आहे. आपण भल्या हेतूनें त्यांतली एक काटकी काढली, तरी भोंक पडतें तें पडतेंच.

भाची ऐकत होती. "तें सगळें खरें, मामा," ती शांतपणें म्हणाली, "पण ती कोरी जागा पाहून ते माझा कागद बाजूला ठेवतील, त्याचें काय?"

मीं साने गुरुजींचें उदाहरण काढलें. अमळनेर आमच्या दोन्ही गांवांच्या जवळचें. तेथील प्रताप हायस्कुलांत गुरुजींनीं १९२४ पासून सहा वर्षें शिकविलें. छात्रालयांतील मुलांसाठीं ते स्वतःच्या हातानें लिहून दैनिक काढीत. १९३० सालीं ते नोकरी सोडून सत्याग्रहांत गेले. १९३२ सालीं ते धुळ्याच्या तुरुंगांत होते, आणि विनोबांनीं तेथें रविवारीं रविवारीं गीतेवर दिलेलीं अठरा प्रवचनें त्यांनींच उतरून घेतलीं. नोकरीच्या हिशेबानें हा सगळा खंडच. पण महाराष्ट्राला त्या खंडांत काय मिळालें, हें सांगावयास नको.

"मामा, मी साने गुरुजी नाहीं," ती म्हणाली. "मी आईचें अंथरूण बदलत होतें."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें. मोठ्या माणसाचें उदाहरण देऊन लहान माणसाची अडचण सोडविण्याची शिक्षकाची खोड किती पोकळ असते, हें मला त्या क्षणीं कळलें. मी उठून कार्बनची ती प्रत घेऊन आलों व तिच्यापुढें ठेवली. "नायजेरियाहून मला बोलावणें आलें नव्हतें," मी म्हणालों. "आजीसाठीं मीं नोकरी सोडली, ही गोष्ट खोटी आहे. मी माझी कोरी जागा आजीच्या नांवानें भरली. आणि तूं तुझ्या आईसाठीं खरोखरच नोकरी सोडलीस, तर ती गोष्ट तूं माझ्या शाळेच्या नांवाखालीं लपवूं पाहतेस."

तिनें तो अर्ज सबंध वाचला. बऱ्याच वेळानें म्हणाली, "यांत तुमची वाळूंतलीं वर्तुळें नाहींत, मामा. आई नेहमी सांगायची त्यांची गोष्ट."

मग तिनें पेन घेतलें आणि मधल्या जागेंत स्वतःच लिहिलें: 'जून २०१६ ते जून २०१८: आजारी आईच्या शुश्रूषेसाठीं नोकरीपासून दूर.' बस्स, एवढेंच. मला एक गोष्ट ठाऊक होती. झटक्यानें बहिणीचे शब्द गेले होते. पाणी हवें असलें तर पाणी हा शब्द तिला सांपडत नसे. तेव्हां भाचीनें चोपड्याच्या वहीसारखीच एक वही आईसाठीं आंखली होती. एका बाजूस चित्र, दुसऱ्या बाजूस शब्द. रोज चार शब्द. वर्षभरांत बहीण लहान लहान वाक्यें बोलूं लागली. मला 'दादा' म्हणूं लागली. "तेंहि लिही," मी उत्साहानें म्हणालों. "शिकविण्याचा याहून मोठा दाखला कोणता?"

भाचीनें मान हलविली. "नाहीं, मामा. तें नाहीं लिहायचें. तें आईचें आहे."

मी गप्प बसलों. आदल्या दिवशीं चोपड्याची वही तिनें लपविली होती ती लाजेनें. आज आईची वही तिनें मागें ठेवली ती लाजेनें नव्हे. कामाचा हिशेब देण्यांत आत्मस्तुति नाहीं. तो मागणाऱ्याला तो खरा व पुरा द्यावा. पण आपल्या आयुष्यांत कांहीं गोष्टी अशाहि असतात कीं, त्या कोणत्याच अर्जाच्या कामीं लावावयाच्या नसतात. हा भेद मला सत्तरी उलटल्यावर कळला. तो तिला आधींच कळत होता.

दुपारच्या एस. टी.नें ती जळगांवीं गेली. तिच्या कागदांत विशेषणें राहिलीं नव्हतीं. वही होती, चाळीस मुलें होतीं, कपाशीचें बोंड होतें, आणि दोन वर्षांची ती एक ओळ होती. पहिल्या शाळेनें तिला नकार कळविला. तो त्या ओळीमुळें होता कीं कसा, हें कळावयास मार्ग नाहीं. दुसऱ्या एका शाळेनें मुलाखत घेतली. पाऊण तासांतला अर्धा तास त्या वहीविषयींच बोलणें झालें, असें तिनें दूरध्वनीवर सांगितलें. ऑगस्टांत ती जाणार आहे. खानदेशांतून एक चांगली शिक्षिका कमी होणार, याचें मला वाईट वाटतें. पण जिला आठ वर्षें पगाराची वाट पाहावयास लाविलें, तिला थांब म्हणण्याचा अधिकार आपल्याकडे कितपत उरला आहे, असेंहि मनांत येतें.

ती गेली त्या रात्रीं मीं बायकोलाहि नायजेरियाची खरी हकीकत सांगितली. इतक्या वर्षांचें खोटें कबूल करावयाचें म्हणून माझा आवाज जरा कांपत असावा. ती वाती वळीत होती. तिनें मान वर केली नाहीं.

"मला ठाऊक होतें," ती म्हणाली. "नणंदबाईंनीं लग्नानंतर पहिल्याच वर्षीं सांगितलें होतें. पोस्टमन येण्याच्या वेळीं तुम्ही रोज दारांत उभे राहत होतां, आणि एक दिवस राहायचे थांबलां. 'दादाला विचारूं नका हो,' म्हणाल्या होत्या."